वर्षातले दोन दिवस

दर जानेवारीत आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिकडे फार उकडत असेल ना रे?" आम्ही सांगतो, "आई, स्वेटर घालून बसलोय आणि बाहेर पाऊस कोसळतोय." पलीकडे क्षणभर शांतता. मग "वाळवंटात? काहीतरीच तुझं!" असं म्हणून आई फोन दादाकडे देते. दादाची निफाडला द्राक्षबाग आहे. त्याला मात्र आमचं म्हणणं पटतं. कारण आमच्याकडे असा पाऊस झाला की पुढे चार-सहा दिवसांनी पुष्कळदा त्याला बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे त्याने अनुभवाने ताडलं आहे.

धाहरानला येऊन आम्हाला पंधरा वर्षं झाली. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ एका ठेंगण्या, खडकाळ उंचवट्यावर हे गाव वसलं आहे. याच उंचवट्यावर १९३८ साली सात नंबरच्या विहिरीला भरपूर तेल लागलं आणि या देशाचं नशीब पालटलं. खाली समुद्राकडे अल खोबर, उत्तरेला दम्माम. तिन्ही गावं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. इथला उन्हाळा जगप्रसिद्ध! ८ जुलै २००३ रोजी इथे तापमान ४२ अंश आणि दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला. म्हणजे घाम वाळायला हवेत जागाच उरली नाही. पाऊस मात्र सरासरीने वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आतच. आमचे कोकणातले मित्र म्हणतात, एवढा तर आमच्याकडे जुलैत दुपारच्या चहाच्या आधी पडून जातो.

आणि तरीही, ज्या गावाला आम्ही ४८ अंशांत शांतपणे ऑफिसला जाताना पाहिलं, त्याच गावाला दोन तासांच्या हिवाळी पावसाने पार लोळवलेलं आम्ही पाहिलं आहे. असं का होतं, याचा विचार आम्ही बरीच वर्षं एक इंजिनिअर म्हणून केला. नंतर एका रात्री तो वेगळ्या तऱ्हेने करावा लागला.

आधी हा पाऊस येतो कुठून ते सांगतो. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, यांचा पश्चिमेकडून. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि ते पूर्वेकडे सरकू लागतात. वाटेत तांबड्या समुद्राकडची आणि आखातावरची दमट हवा ओढून घेतात, आणि नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कधीतरी आमच्या डोक्यावर येऊन रिकामे होतात. पाठोपाठ 'शमाल' हा वायव्येचा बोचरा वारा सुटतो आणि खोबरच्या दुकानांतले हीटर दोन दिवसांत संपतात. हीच मंडळी पुढे इराण, पाकिस्तान ओलांडून हिमालयात बर्फ टाकतात. आपल्याकडे वर्तमानपत्रांत यांना 'पश्चिमी झंझावात' म्हणतात. त्यांच्या मागून उत्तरेचे गार वारे खाली उतरतात आणि निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरल्याची बातमी छापून येते. दादाच्या शेकोट्यांचं मूळ हे असं!

तर ती रात्र. फेब्रुवारी महिना. संध्याकाळपासून विजा चमकत होत्या. मुलं खिडकीला नाकं लावून बसली होती, आणि सौ.नं पावसाच्या नावाने कांदाभजी तळली होती. साडेअकराला फोन वाजला. राजापूरकडचे एक वायरमन आमच्या ओळखीचे आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, वीस-बावीस वर्षं आखातात, कुटुंब गावाला. आमच्या घरचा फ्रीजपासून गीझरपर्यंत सगळा कारभार त्यांच्याच हाती. मुलं त्यांना काका म्हणतात.

"साहेब, जागे आहात? इथे कँपमध्ये पाणी शिरलंय. खोलीत घोट्याच्या वर आलं."

"विजेचं काय?"

"मेन बंद केला मी. बोर्ड खालीच आहे ना, गुडघ्याएवढ्यावर. पण त्याआधी एका पोराला झटका बसला. बरा आहे, पण हात थरथरतोय. कँप-बॉस फोन उचलत नाही."

आम्ही गाडी काढली. नेहमीचा वीस मिनिटांचा रस्ता. पहिला अंडरपास तुडुंब भरलेला. त्यात एक टॅक्सी टपापर्यंत बुडालेली, चालक सुदैवाने बाहेर पडून दुभाजकावर उभा. मागे फिरलो, दुसरा रस्ता धरला, तिथेही तेच. कँपवर पोचायला दीड वाजला. पाऊस थांबला होता आणि शमाल सुटला होता. वीस खोल्यांची एक ओळ अंधारात, माणसं वरच्या खाटांवर दाटीवाटीने बसलेली, कुणाच्या अंगावर कोरडं पांघरूण नाही. काकांनी सगळ्यांचे इकामे एका प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून स्वतःच्या गळ्यात बांधले होते. झटका बसलेला पोरगा बिहारचा, जेमतेम बावीस वर्षांचा. लोखंडी कपाटाला हात लावायला गेला आणि चिकटला. काकांनी लाकडी स्टुलाने त्याचा हात तोडला नसता, तर पुढचं लिहायची आमची हिंमत नाही.

पाऊस एकूण पडला तो किती? राजापुरात त्याला कुणी पाऊसही म्हटलं नसतं.

मग एवढ्याशा पावसाने एवढं का व्हावं? एकेक गोष्ट पाहू. पहिली जमीन. वाळवंट म्हणजे वाळू, आणि वाळूत पाणी जिरतं, अशी आपली शाळेपासूनची समजूत. पण किनाऱ्यालगतच्या सखल भागात इथे 'सबखा' असते, म्हणजे मिठाने घट्ट झालेली जमीन. तिच्याखाली थोड्याच खोलीवर खारं पाणी उभं असतं. आधीच भरलेल्या भांड्यात आणखी काय ओतणार? उंचवट्यावरच्या रस्त्यांवरून, फरशांवरून, पार्किंगवरून धावत आलेलं पाणी खाली येऊन तिथेच तळं करतं. उरलेली जमीन डांबर आणि काँक्रीटने आपणच झाकलेली.

दुसरी गोष्ट गटारांची. जिथे ती आहेत तिथे दहा महिने त्यांत पाण्याऐवजी उडालेली वाळू आणि प्लास्टिक साठतं. कोकणातलं गटार पहिल्याच आठवड्यात स्वतःला धुऊन काढतं, इथल्या गटाराला ती संधी मिळत नाही. तिसरी, घरं. उन्हाचा विचार करून बांधलेली सपाट गच्ची. पाणी बाहेर टाकणारं भोक जेमतेम मुठीएवढं, त्यात पारव्यांची पिसं. पाणी मग छतातून वाट काढतं आणि दिव्याच्या होल्डरमधून ठिबकू लागतं.

चौथी गोष्ट आमच्या आवडीची, कारण आमचा विषय वीज. तारांच्या मनोऱ्यांवर चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्यांच्या माळा असतात. त्या विजेला मनोऱ्यात उतरू देत नाहीत. इथे महिनोन् महिने त्यांच्यावर समुद्राचं मीठ आणि धूळ यांचा थर बसतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. धो धो पाऊस पडला तर तो धुऊनही निघतो. पण नुसतं धुकं आलं किंवा चार थेंब पडले की त्याचा खारट चिखल होतो, त्यातून वीज वाट काढते आणि लाइन ट्रिप होते. म्हणजे इथे मोठ्या पावसापेक्षा पहिला रिमझिम पाऊस जास्त धोक्याचा! रस्त्यांचंही तसंच. महिन्याभराचं सांडलेलं तेल आणि टायरचा चुरा पहिल्या सरीबरोबर वर येतो आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. आणि गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांना ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा याची सवयच नाही.

म्हणजे वादळ मोठं नसतंच. ज्या दिवसांसाठी शहर बांधलं, त्यांतला तो दिवस नसतो, इतकंच.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. आता अवघड भाग.

त्या रात्री कँपच्या फाटकातून आत शिरताना आम्हाला वाटलं, ही जागा आपण पाहिली आहे. प्रत्यक्षात नाही, कागदावर. नकाशावर तिला नाव नव्हतं, नंबर होता. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या कामगार वसाहतीचा आराखडा तपासायला आमच्या टेबलावर आला होता. खर्च अंदाजापेक्षा वर गेला होता आणि आम्हाला तो खाली आणायचा होता. यालाच आमच्या धंद्यात व्हॅल्यू इंजिनिअरिंग असं भारदस्त नाव आहे. त्यात एक ओळ होती : सखल कोपऱ्यात पावसाच्या पाण्यासाठी खड्डा, दोन पंप, एक डिझेल जनरेटर. आम्ही समासात लिहिलं, "वर्षातून दोन दिवसांच्या पावसासाठी?" आणि ओळीवर काट मारली. विजेचे बोर्ड उंच बसवावेत असंही कुणीतरी सुचवलं होतं. केबल वाढते म्हणून तेही गेलं. बैठक चाळीस मिनिटांत संपली. सगळ्यांनी आमचं कौतुक केलं, आणि खोटं कशाला बोला, आम्हालाही बरं वाटलं.

काट मारताना आम्ही गणित चुकलो नव्हतो, हे विशेष. आराखडा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा होता की दहा वर्षांतून एकदाच्या, यावर आम्ही रीतसर चर्चा केली होती. पण 'पंचवीस वर्षांतून एकदा' याचा अर्थ काय? तो पाऊस पंचवीस वर्षं थांबून येतो असं नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार, एवढंच. त्या हिशोबाने पंचवीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात ६४ भरते. नाणेफेकीपेक्षा जास्त! जो कँपमध्ये पंचवीस वर्षं काढणार, त्याच्या नशिबी तो बहुधा आहेच. आम्ही तिथे एकही रात्र काढणार नव्हतो. फरक होता तो इथे.

वाळवंटात तर सरासरी आणखी फसवते. शंभर मिलिमीटर सरासरी म्हणजे दर वर्षी शंभर पडतो असं नाही. काही वर्षं जवळजवळ कोरडी जातात आणि कधी एका दिवसात वर्षाचा पाऊस पडून जातो. जिद्दाला २५ नोव्हेंबर २००९ रोजी, हजच्या ऐन दिवसांत, चार तासांत सुमारे ९० मिलिमीटर पाऊस झाला आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांतली कित्येक जुन्या वाद्यांच्या, म्हणजे कोरड्या ओढ्यांच्या पात्रात उभ्या राहिलेल्या वस्त्यांमधली. दुबईच्या विमानतळावर १६ एप्रिल २०२४ च्या पावसात २४ तासांत १४२ मिलिमीटर पडला, तिथल्या वर्षाच्या सरासरीच्या दीडपट. धावपट्ट्यांवर विमानं पाण्यातून चाललेली चित्रं सगळ्यांनी पाहिलीच असतील. आपण मुंबईकरांनीही फार हसू नये. आपली जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर!

पण हा सगळा पैशाचा किंवा मागासलेपणाचा प्रश्न आहे असं कुणाला वाटत असेल, तर टेक्सासकडे पाहावं. आम्ही एम.एस. तिथेच केलं. आमचा तेव्हाचा रूममेट ह्यूस्टनला स्थायिक झाला, त्याच्या घरी जाणं-येणं असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवाकडची हवा खाली घसरली आणि ह्यूस्टनचा पारा उणे दहाच्या खाली, डॅलसचा उणे एकोणीसपर्यंत गेला. मिनेसोटात अशा थंडीला लोक 'आज जरा गार आहे' म्हणतात. टेक्सासमध्ये सुमारे ४५ लाख घरं आणि दुकानं अंधारात गेली आणि सरकारी नोंदीप्रमाणे २४६ माणसं दगावली.

कारणं ओळखीची वाटतील. तिथली वीज केंद्रं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. बॉयलर आणि टर्बाइन उघड्यावर, म्हणजे उष्णता निघून जावी. दाब मोजणाऱ्या बारीक नळ्यांमधलं पाणी गोठलं आणि यंत्रं बंद पडली. गॅसच्या विहिरींची तोंडं गोठली. गॅस पुढे ढकलणारे काही कंप्रेसर विजेवर चालणारे होते. ते 'अत्यावश्यक' यादीत नोंदवलेलेच नव्हते, त्यामुळे भारनियमनात त्यांचीच वीज कापली गेली. म्हणजे वीज नाही म्हणून गॅस नाही, गॅस नाही म्हणून वीज नाही. निम्म्याहून अधिक घरं विजेवर गरम होणारी, त्यामुळे मागणी नेमकी त्याच वेळी वाढलेली. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची वारंवारता ६० वरून ५९.३ पर्यंत घसरली. आणखी ४ मिनिटं ३७ सेकंद ती तशीच राहिली असती, तर सगळं राज्य आठवडेच्या आठवडे अंधारात गेलं असतं.

आमच्या मित्राच्या घरी पाण्याचे नळ माळ्यावरून गेलेले. थंड प्रदेशात ते घराच्या उबदार भागातून नेतात, ह्यूस्टनमध्ये त्याची गरज कुणाला वाटली होती? नळ फुटला आणि पाणी छतासकट देवघरावर आलं. दोन रात्री चौघं एका पलंगावर, घरातल्या सगळ्या चादरी अंगावर घेऊन झोपले. तो म्हणाला, "अरे, आपण विदर्भातल्या हॉस्टेलात थंडी काढलेली माणसं. पण तिथे निदान शेगडी होती, आणि खिडक्यांना फटी होत्या." फटींचा उल्लेख विनोदाने होता, पण त्या थंडीत बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून किंवा घरात कोळसा पेटवून ऊब घेणारे काही लोक विषारी वायूने गेले, हे त्याला आणि आम्हालाही ठाऊक होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की हे सगळं आधी सांगून झालं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये अशीच थंडी आली होती, अशीच वीज गेली होती, आणि चौकशी अहवालात यंत्रं थंडीसाठी सज्ज करा असं स्पष्ट लिहिलं होतं. सक्ती नव्हती, खर्च होता. एल पासो शहराच्या वीज कंपनीने मात्र २०११ नंतर तो खर्च केला. त्यांची वीज टेक्सासच्या मुख्य ग्रिडबाहेरची, शेजारच्या राज्यांशी जोडलेली. २०२१ ला तिथे फारसं काही झालं नाही. थंडीत चालणारी यंत्रं जगात कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. कॅनडात पवनचक्क्याही फिरतात आणि गॅसही वाहतो. तिथेही कुठल्यातरी बैठकीत कुणीतरी समासात लिहिलं असणार, "दहा वर्षांतून दोन दिवसांसाठी?" त्या माणसाचं अक्षर आम्हाला ओळखीचं वाटतं.

काकांना हे सांगायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. पुढच्या संक्रांतीला ते तिळगूळ घ्यायला आले होते. सौ. आत होती, मुलं खेळायला गेली होती. आम्ही सगळं सांगून टाकलं, पंप, बोर्ड, काट, कौतुक. काका बराच वेळ गुळाचा लाडू हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या राजापूरला अर्जुना-कोदवलीचं पाणी दर पावसाळ्यात जवाहर चौकात येतं. व्यापारी काय करतात? पाऊस वाढला की माल वरच्या फळीवर. कुणाला सांगावं लागत नाही, दर वर्षी येतं म्हणून. इथे पाच वर्षांनी येतं, तोवर माणसंच बदललेली असतात. आठवण कुणाला राहणार साहेब?"

आम्ही गप्प. आम्हाला वाटलं ते रागावतील, किंवा 'जाऊ दे' म्हणतील. ते दोन्ही म्हणाले नाहीत.

"खोडलेलं पुन्हा लिहिता येतं का?" त्यांनी विचारलं.

येत होतं. आम्ही लिहिलं. पत्रात आमची चूक आमच्या नावावर मांडली, त्या रात्रीचे फोटो जोडले. पंपांचं घोडं बरंच अडलं, पण बोर्ड मात्र त्याच वर्षी खांद्याच्या उंचीवर गेले. ते काम काकांनीच केलं. पुढे एक पंप आला, दुसऱ्यासाठी आमचा पत्रव्यवहार चालू आहे. झटका बसलेला पोरगा करार संपवून घरी गेला. आमचं नाव त्याला ठाऊक नाही.

या अंकाच्या वाचकांत अर्धे तरी आमच्यासारखे कुठल्या ना कुठल्या टेबलावर बसून आराखडे तपासणारे असतील : मस्कत, दोहा, ह्यूस्टन, फिनिक्स. उपदेश करण्याचा आम्हाला काडीचाही अधिकार नाही, हे वर लिहिलंच आहे. एकच सांगतो. 'क्वचित' असा शब्द समोर आला की आम्ही आता विचारतो, त्या क्वचितच्या रात्री तिथे झोपलेलं कोण असेल? उत्तर ऐकूनही कधी काट मारावी लागते, पैसा अमर्याद नसतोच. पण मग निदान बोर्ड वर घ्यायला सांगतो.

आणि घरच्यापुरतं म्हणाल तर आम्ही दिवाळीच्या साफसफाईत एक कलम वाढवलं आहे. आकाशकंदील लावायला गच्चीवर जायचं, तेव्हा पाणी जायची भोकं साफ करायची. मंडळातल्या आठ-दहा घरांनी मिळून कँपवरच्या ओळखीच्या माणसांचे फोन नंबर लिहून ठेवले आहेत. नोव्हेंबर लागला की त्यांतला एकेक लावून बघतो. परवा काकांना लावला तर तेच म्हणाले, "मी ठीक आहे साहेब. तुमच्या गच्चीवरची भोकं काढलीत का?"

काढायची राहिली होती. फोन ठेवला आणि शिडी लावली.